अंग भरावे, पण साखर वाढू नये



आज आम्ही साखरेविषयी बोलणार आहोत. डब्यातल्या नव्हे, रक्तातल्या साखरेविषयी. आणि तेही जाड्या माणसांसाठी नाही. ज्यांची हाडे दिसतात, ज्यांना घरचे लोक म्हणतात, "अरे, जरा खात जा, वाऱ्याने उडशील," अशांसाठी आजचे बोलणे आहे.

साखरेचा आजार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला शेठ येतो. गादीवर बसलेला, मिठाई खाणारा. राबणाऱ्याला आणि वाळक्या माणसाला साखर कशी होईल, असे आपण म्हणतो. हा समज खोटा आहे. २०२३ साली आपल्या देशाच्या एका मोठ्या पाहणीचे आकडे छापून आले. त्यात मधुमेहाची माणसे सुमारे १० कोटी १० लाख धरली होती. आणि जी अजून आजारी नाहीत पण आजाराच्या उंबरठ्यावर उभी आहेत, ती सुमारे १३ कोटी ६० लाख. उंबरठ्यावरची माणसे घरात शिरलेल्यांपेक्षा जास्त! त्यांत जाडे आहेत, मध्यम आहेत आणि सडपातळही आहेत.

उंबरठा म्हणजे काय, ते आकड्यांनी सांगतो. तुम्ही आता आकडे वाचता, तेव्हा दवाखान्याचा कागद घरी बासनात बांधून ठेवू नका. उघडून वाचा. रात्री जेवून झोपायचे आणि सकाळी काही न खाता रक्त द्यायचे. त्यात साखर १०० च्या खाली आली, तर ठीक. १०० ते १२५ आली, तर उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त आली, आणि पुन्हा तपासून तशीच आली, तर मधुमेह. दुसरी एक तपासणी आहे, तिला एचबीएवनसी म्हणतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर साधारण किती राहिली, ते ती सांगते. तिच्यात ५.७ ते ६.४ हा उंबरठा. पण अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल, तर ही तपासणी फसवते. तसे काही असेल तर रक्त घेणाऱ्याला आधी सांगावे.

आता वाळक्या माणसाची साखर का वाढते, ते पाहू.

समजा, बाजार समितीत धान्याच्या गाड्या आल्या. हमाल पोती उतरवतात आणि वखारीत नेऊन रचतात. वखार मोठी, हमाल पुरेसे, तर अंगण लगेच मोकळे होते. आपल्या अंगातही असेच चालते. आपण भाकरी खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्त म्हणजे ते अंगण. स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा रस येतो. तो हमालाचे काम करतो. आणि वखार कोणती? मुख्य वखार आपले स्नायू. मांड्या, दंड, पाठ यांचे मांस.

ज्याच्या अंगावर मांस कमी, त्याची वखार लहान. त्यातून जन्मापासून हमालही थोडे असले, तर काय होईल? गाड्या येतच राहणार आणि पोती अंगणात पडून राहणार. म्हणजे रक्तात साखर साचणार. काही माणसे बाहेरून बारीक दिसतात, पण पोटाच्या आत, काळजाजवळ आणि आतड्यांभोवती चरबी साठलेली असते. ती चरबी वखारीचे दार अडवते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी या गोष्टीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी आया आणि त्यांची बाळे पाहिली. आपली बाळे वजनाने हलकी जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी असते, कमी असते ते मांस, असे त्यांना दिसले. २००४ साली त्यांचा आणि जॉन युडकिन या विलायती डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण आतली चरबी मोजली, तर विलायती डॉक्टरांच्या अंगात शंभरात ९ भाग आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ भाग! तेव्हा काटा सगळे सांगत नाही, बरं का. आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने उपासमारीशी नाते असलेल्या मधुमेहाला एक वेगळे नावच दिले, प्रकार पाच. पोटभर न मिळाल्यानेही साखरेचा रोग होऊ शकतो, हे आता मोठ्या लोकांनीही मानले आहे.

अंग भरायच्या आधी एक गोष्ट मात्र विचारलीच पाहिजे. तुम्ही पहिल्यापासूनच बारीक आहात, की अलीकडे वाळलात? गेल्या दोन-चार महिन्यांत कपडे ढिले झाले, तहान फार लागते, रात्री लघवीला चारदा उठावे लागते, अशी स्थिती असेल तर ती उंबरठ्याची गोष्ट राहिली नाही. लगेच डॉक्टरकडे जावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते. क्षयाने माणूस वाळतो, आणि साखर असलेल्याला क्षय लवकर गाठतो. दोघांची गट्टी आहे. जंत, थायरॉईड यांनीही अंग उतरते. गरोदर बाया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे दुखणे असलेले लोक यांनी आमचे आजचे ऐकावे, पण डॉक्टरला विचारूनच वागावे.

आता खाण्याकडे येऊ.

अशा माणसाला गावात दोन सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो, "अरे, अंगावर काही चढत नाही? रोज शिकरण खा, गूळ-पोळी खा, दोन पेढे खा. वर एक टॉनिकची बाटली घे." दुसरा म्हणतो, "काय, साखर निघाली? मग भात बंद, भाकरी अर्धी, गोड बंद, तेल बंद, केळं बंद." पहिल्याचे ऐकले तर साखर चढते. दुसऱ्याचे ऐकले तर माणूस आणखी वाळतो. त्याचे मांस झडते, वखार आणखी लहान होते, आणि थोड्याशा भाकरीनेही साखर वाढू लागते. बिचारा गोंधळतो. आज हे ऐकतो, उद्या ते. आमच्या मते दुसरा सल्लागार पहिल्यापेक्षा कमी घातक नाही. त्याचे बोलणे शहाणपणाचे वाटते, एवढाच फरक.

खरी वाट दोघांच्या मधून जाते. साखर कमी करा, पण जेवण कमी करू नका. जे काढले, त्याच्या जागी दुसरे घाला, आणि थोडे जास्त घाला.

हिशेबच मांडू. पाटी असेल तर लिहून घ्या. अन्नातली शक्ती उष्मांकांत मोजतात. एक माणूस दिवसात चार कप चहा पितो. कपाला दोन चमचे साखर. एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम. झाली ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० उष्मांक. त्याने चहातली साखर सोडली. फार चांगले केले. पण दुसरे काही खाल्ले नाही, तर रोजचे १६० उष्मांक गेले. महिन्याने काटा खाली येणार. मग लोक म्हणतात, "साखरेने खाल्ला याला." साखरेने नाही हो, उपाशीपणाने!

आता जमेची बाजू. मूठभर भाजलेले शेंगदाणे, सुमारे ३० ग्रॅम. त्याचे १७० उष्मांक. एक उकडलेले अंडे, ७०. भाजी-आमटीवर वरून एक मोठा चमचा तेल, ९०. बिनसाखरेचे पेलाभर दूध, सुमारे १३०. बेरीज करा. ४६०. त्यातून साखरेचे १६० वजा केले, तर ३०० उरले. भाकऱ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या, आणि हे रोज चालले, तर महिन्याला साधारण एक किलो वजन चढते. एवढे पुरे. घाईने चढवलेले वजन पोटावर बसते.

यात गंमत अशी, की शेंगदाण्याने, अंड्याने, तेलाने रक्तातली साखर एकदम उसळत नाही. भाकरीबरोबर ते पोटात गेले, तर भाकरीची साखरही सावकाश उतरते. गाड्या एकदम न येता एकामागून एक आल्या, तर थोड्या हमालांनाही काम उरकते.

जेवणाचा क्रमही पाहा. आपण आधी भाकरी मोडतो आणि भाजी तोंडी लावायला घेतो. हे उलटे करा. आधी वाटीभर उसळ आणि कांदा, मुळा, काकडी जे असेल ते खा. मग भाकरी. भात शेवटी, आणि तोही वरण जास्त, भात कमी, असा. एवढ्याने सुद्धा जेवणानंतरची साखर कमी चढते. खर्च काही नाही.

भाकरी ज्वारीची असो, बाजरीची असो, नाचणीची असो, ती सोडायची नाही. तिच्यात साखर होणारा भाग आहेच. ज्वारी खाल्ली म्हणून साखर होतच नाही, असे कोणी सांगितले तर मानू नका. पण भाकरीला जोड कशाची आहे, ते महत्त्वाचे. नुसती मिरची आणि भाकरी हे जेवण या दुखण्यात वाईट. मटकी, हुलगे, चवळी, हरभरा, तूर, मूग, यांतले काही ना काही दोन्ही वेळा ताटात हवे. कच्च्या डाळीच्या १०० ग्रॅममध्ये २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. प्रथिने म्हणजे मांस बांधणारा माल, वखारीच्या विटा म्हणा. ज्याला अंग भरायचे आहे त्याला वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम तरी प्रथिने रोज हवीत. ४५ किलोच्या माणसाला ४५ ग्रॅम. दोन वाट्या उसळ, पेलाभर दूध, वाटीभर दही, मूठभर दाणे, आणि भाकरीतली धरून हा हिशेब जमतो. जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी ही गरिबाची ताकद आहे. ती चिमूटभर नव्हे, दोन चमचे घ्या. कोकणातले लोक भात खातात. त्यांनी भाताचा ढीग थोडा उतरवावा आणि बांगडा, तारली वाढवावी. दाणे बुरसलेले, कडू लागणारे मात्र फेकून द्या. त्यात विष असते. वाया जातील म्हणून खाऊ नका.

गुळाचे काय? हा प्रश्न सगळीकडे निघतो. गूळ साखरेचाच भाऊ आहे. रंग वेगळा, रक्तात गेल्यावर काम तेच. मधही तसाच. केळे खावे, पण लहान, एक, आणि दाण्यांबरोबर किंवा जेवणाच्या शेवटी. केळे, दूध आणि साखर कुस्करून शिकरण नको. पेरू, जांभूळ, बोर, संत्रे खुशाल खावे. रस काढून पिऊ नये. बाटलीतली रंगीत पेये तर नकोच नको.

उपासाला साबुदाणा खातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा पिठूळ भाग, प्रथिने नावाला. बाई आठवड्यातून दोन उपास करते आणि दोन्ही दिवस साबुदाणा खाते. तिचे अंग कसे भरावे? उपास सोडा असे आम्ही म्हणत नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण उपासालाही दाणे चालतात, दूध चालते, दही-ताक चालते, राजगिरा चालतो. थोडी वरई आणि वाटीभर दाण्याची आमटी हे साबुदाण्यापेक्षा बरे. दिवसभर कोरडा राहून रात्री एकदम पोट भरणे हे मात्र वाईटच.

सकाळी नुसता चहा पिऊन शेतावर जाणारे इथे किती आहेत? हात वर करू नका, आम्हाला ठाऊक आहे. दुपारी बारापर्यंत पोटात काही नाही, आणि मग एकदम चार भाकऱ्या. ही रीत मोडा. सकाळी अर्धी भाकरी, दही आणि चटणी खाऊन निघा. जेवणे थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा करा. झोपताना पेलाभर दूध घ्या.

आता एक गोष्ट, जी आहाराच्या पुस्तकात लिहिलेली नसते.

घरात म्हैस आहे. दूध सगळे डेअरीला जाते. कोंबड्या आहेत. अंडी बाजारला जातात. शेंगा पिकतात, त्या पोत्यात भरून जातात. परत येते काय? चहाची पुडी, साखर आणि बिस्किटे. पैसा लागतो, हे आम्हाला कळते. पण सगळे विकू नका. दिवसाला पेलाभर दूध आणि एक अंडे घरात ठेवले, तर उद्याचा औषधाचा खर्च टळू शकतो. तो खर्च एकदा सुरू झाला की जन्मभर चालतो.

दुसरे. घरातली बाई सगळ्यांच्या मागून जेवते. आधी सासरे, मग धनी, मग पोरे. तिच्या वाट्याला तवलीच्या बुडाचा भात येतो आणि डाळीच्या नावाने पिवळे पाणी. भूक लागते म्हणून ती भात जास्त खाते. उरलेले टाकायचे नाही म्हणून शिळी भाकरी चहात बुडवून खाते. तिचे वजन ४० किलो आणि साखर ११५! डॉक्टर सांगतात, "बाई, डाळ, दूध, अंडी खा." ती मान डोलावते आणि घरी येऊन पुन्हा शेवटी जेवते. त्या कागदावरचा सल्ला तिच्या हातात नाही. तो घरातल्या पुरुषांच्या हातात आहे. दादांनो, तुम्हीच सांगा, आमटीतली डाळ तळाशी राहील एवढी वाढून घ्यायची, की चौघांची वाटी आधी भरून बाजूला ठेवायची? वाट्या आधी भरा. तिची वाटी पहिली भरा. आणि सासूबाईंनो, सुनेच्या हातात दाण्यांची मूठ दिसली तर "खादाड" म्हणू नका. ते तिचे औषध आहे.

अन्न पोटात गेले की ते मांस व्हायला काम लागते. तुम्ही म्हणाल, आम्ही तर दिवसभर राबतो. खरे आहे. जो नांगर धरतो, पाटी वाहतो, त्याला आणखी कसरत नको, त्याला जास्त अन्न आणि झोप हवी. पण शिंपीदादा, दुकानदार, गाडी चालवणारे, घरात बसून विड्या वळणाऱ्या बाया, यांच्या मांड्यांना काम नाही. त्यांनी आठवड्यातून तीनदा उठाबशा काढाव्या. पहिल्या दिवशी दहा. भिंतीला हात टेकून जोर काढावे. आणि सगळ्यांनीच रात्री जेवल्यावर पाव तास चालावे. चालताना स्नायू रक्तातली साखर आपसूक ओढून घेतात. फार चालून मात्र वजन उतरवू नये.

याचा गुण येतो काय? मद्रासकडे, म्हणजे आताच्या चेन्नईत, ५३१ माणसांवर तीन वर्षे पाहणी झाली. २००६ साली ती छापली गेली. सगळे उंबरठ्यावरचे. ज्यांना काही विशेष सल्ला नव्हता, त्यांतल्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी खाणे आणि चालणे सुधारले, त्यांतल्या शंभरांपैकी ३९ जणांना झाला. म्हणजे सगळे वाचले नाहीत. पण शंभरात सोळा वाचले, आणि नुसत्या गोळीनेही जवळपास तेवढेच वाचले होते.

गोळीवरून आठवले. शेजाऱ्याची साखरेची गोळी उसनी घेऊ नका. मेटफॉर्मिन नावाची गोळी चांगली आहे, पण तिने काहींची भूक मंदावते आणि वजन थोडे उतरते. डॉक्टरने ती लिहिली तर सांगावे, "साहेब, माझे वजन आधीच कमी आहे." सांगायला लाजू नये. आणि बाजारात अंग भरण्याच्या ज्या पुड्या, गोळ्या विकतात, त्यांच्यापासून दूर राहा. अशा काहींत स्टिरॉइड मिसळलेले असते. पंधरा दिवसांत गाल फुगतात, माणूस खूश होतो. ते मांस नव्हे, सूज असते. आणि स्टिरॉइडने रक्तातली साखर चांगलीच चढते. तंबाखूने भूक मरते, तेव्हा मिश्री आणि विडीही या खात्यात धरा.

आता मोजमाप. एक चाळीस पानी वही करा. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, सकाळी, एकाच काट्यावर वजन करा आणि तारीख घालून लिहा. उंची ५ फूट असेल तर वजन ४३ किलोच्या खाली नको. ५ फूट ४ इंच असेल तर ४९ च्या खाली नको. काटा नसला तरी दोरा आहेच. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढा दोरा घ्या. तो मधोमध दुमडा. दुमडलेला दोरा बेंबीपाशी कमरेभोवती पुरला पाहिजे. वजन चढतेय आणि दोराही पुरतोय, तर मांस चढतेय असे समजा. दोरा अपुरा पडू लागला, तर पोट वाढतेय. मग तेल-तूप थोडे आवरा आणि उठाबशा वाढवा. रक्त तीन महिन्यांनी एकदा तपासा. आकडे स्थिर झाले की पुढे वर्षातून एकदा तरी.

कोणी विचारले, दिवाळीत काय करायचे? दिवाळी करायची. चिवड्यात दाणे आणि डाळे जास्त घाला. लाडू जेवणानंतर एक, सकाळी अनशापोटी दोन नकोत. आणि सण चार दिवसांचा ठेवा, महिनाभराचा डबा भरून ठेवू नका.

आम्ही काटा बरोबर आणला आहे. तो ओट्यावर मांडला आहे, दोऱ्याचे रीळही तिथेच आहे. आधी बाया येतील, मग बाप्ये. चपला काढून काट्यावर उभे राहा. आणि आकडा आम्ही सांगणार नाही, तुमचा तुम्हीच वाचायचा आणि वहीत लिहायचा.